एक खाच म्हणजे लाल

प्रिय ताई,

हे पाकीट हातात पडल्यावर तू ते उलटसुलट करून बघशील आणि भावजींना म्हणशील, "याला काय झालं, फोन मोडला की काय याचा?" फोन ठणठणीत आहे. तुझा स्वभावही ठणठणीत आहे, अडचण तिथेच आहे. अलीकडे मी जितक्या वेळा तुझ्या हाताचा विषय काढला, तितक्या वेळा तू "थांब, दूध उतू जातंय" म्हणून फोन ठेवलास. तुमच्या घरी इतकं दूध येतं कुठून, हे एकदा भावजींना विचारायचंय. पत्राचं एक बरं असतं. ते मध्येच ठेवून देता येतं, पण मग ते टेबलावर तसंच पडून राहतं, येता-जाता दिसतं, आणि तुझ्यासारख्या बाईला अर्धवट पडलेली वस्तू बघवत नाही. तेव्हा आज ना उद्या तू हे शेवटपर्यंत वाचणार, या खात्रीवर लिहायला बसलोय.

मुद्द्याचं आधी सांगतो, म्हणजे वाचताना तुला धाकधूक नको. तू व्यायामाला जाणं सोडलंस हे मला भावजींनी सांगितलं. त्यांच्यावर डाफरू नकोस, मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून तू किती नेटाने त्या व्यायामाच्या खोलीत जात होतीस, ते मला माहीत आहे. तिथल्या बाईंचं तू 'हेडबाई' असं नाव ठेवलंस, त्या दिवशीच मी ओळखलं की आमची ताई जागेवर आहे, फक्त उजवा हात रुसलाय. आणि आता तू म्हणतेस, "चेंडू पहिल्यांदा जिथवर जात होता तिथवरच जातोय. रोज तेच टेबल, तोच चेंडू, त्याच हेडबाई. काहीतरी हलल्यासारखं दिसायला नको? मी काय कुक्कुलं बाळ आहे, चेंडू ढकलत बसायला?" एवढ्यावर थांबली नाहीस. रंगाच्या दुकानातल्या तुझ्या कपाटाची चावी भावजींच्या हातात देऊन तू मालकांकडे परत पाठवलीस आणि निरोप दिलास की माझ्या जागी दुसरं कुणी बघा.

ताई, त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही. गिऱ्हाइकाने पडद्याचा चिमुकला तुकडा आणावा, तू तो खिडकीच्या उजेडात धरावास, डोळे बारीक करावेस आणि डब्यात थेंब थेंब रंग सोडत काठीने ढवळत नेमका तोच रंग बनवून द्यावास, हे मी लहानपणच्या कौतुकाने आजही बघतो. मला त्यातला एकही रंग कळत नाही, म्हणून जास्तच कौतुकाने. तेव्हा मी ठरवलं, तू व्यायामाला परत गेली पाहिजेस आणि तिथून परत दुकानात. हे माझं म्हणणं. काहीच बदलत नाहीये, हे तुझं म्हणणं. तू माझं ऐकणार नाहीस, मी तुझं ऐकणार नाही. म्हणून आपल्या दोघांचं भांडण सोडवायला मी एक तिसरा उभा केला. माणूस नाही, संगणकाचा प्रोग्रॅम आहे. त्याला तुझी माया नाही आणि तुझ्या जिभेची भीतीही नाही.

त्याचं असं झालं. हेडबाईंच्या सांगण्यावरून भावजी तुझ्या व्यायामाचं चित्रीकरण करत होते, ते तुला माहीतच आहे. फोन फळीवर डब्याला टेकवून ठेवायचे आणि तुझ्यासमोर येऊन बसायचे. मी ते सगळे व्हिडिओ त्यांच्याकडून मागवून घेतले आणि ओळीने बघितले. टेबल, तुझा तळवा, तळव्याखाली चेंडू. तू तो पुढे ढकलतेस, परत आणतेस. मन लावून बघूनही, खरं सांगतो, मला काही फरक दिसला नाही. मीसुद्धा मनातून थोडा खचलो. मग वाटलं, मला दिसत नाही म्हणजे तो नाहीच असं कशावरून? मला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी काही लहान नाही.

व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रं, आणि चित्र म्हणजे बारीक ठिपके. संगणकाला ठिपक्याचा रंग दिसत नसतो, त्याच्याकडे प्रत्येक ठिपक्याचे आकडे असतात. तेव्हा त्याला सांगायचं की बाबा, प्रत्येक चित्रात चेंडूच्या रंगाचे ठिपके शोध, त्यांच्या मधोमध एक खूण कर, आणि सगळ्या खुणा जोडत जा. चेंडू जसा फिरला तशी रेघ उमटते. पहिल्या दिवसाची रेघ आणि शेवटच्या दिवसाची रेघ शेजारी शेजारी ठेवली की संपलं, कुणी वाद घालायचा नाही. चेंडूचा रंग काय, एवढंच भावजींना विचारायचं होतं. ते म्हणाले, लाल.

आता हसलीस ना? हस. लाल रंग शोधायचं काम अंगावर घेणारा तुझा भाऊ म्हणजे तोच, ज्याने शाळेत झाडाला लालभडक पानं काढून वर त्याला हिरवी सावलीही दिली होती. सगळा वर्ग हसला आणि बाईंनी माझी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. घरी येऊन मी रंगपेटी कोपऱ्यात फेकली. तू काही समजूत घातली नाहीस की डोक्यावरून हात फिरवला नाहीस. ब्लेड आणलंस, पेन्सिली मांडीवर घेतल्यास आणि प्रत्येकीच्या टोकाला खाचा पाडल्यास. एक खाच म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, तीन म्हणजे तपकिरी. बाकीचे तुझे तू बघ म्हणालीस. मग माझ्यासमोर बसून परीक्षा घ्यायचीस, मी डोळे मिटून अंगठ्याने खाचा चाचपायचो आणि उत्तर द्यायचो. त्यानंतर माझं झाड कधी चुकलं नाही. पण नाव मात्र तू चिकटवलंसच. प्रत्येक रंग मला मातीसारखा दिसतो म्हणून मी मातकट. शेजारपाजारचेही मला त्याच नावाने हाक मारायला लागले, ते कुणामुळे, याची चौकशी आता नको.

मोठेपणी मी रंगांच्या वाटेलाच गेलो नाही. गोदामात कुठला माल कुठे ठेवलाय, किती उरलाय, असले प्रोग्रॅम मी लिहितो. पांढऱ्यावर काळी अक्षरं. ऑफिसात रंगाचा संबंध असलेलं काम आलं की मी खोकल्याचं निमित्त करून ते शेजारच्या टेबलाकडे सरकवायचो. तिथे आमची डिझायनर बसते, पोरसवदा आहे पण तोंडाने तुझ्या वरताण. ती मला काका म्हणते आणि त्या एका शब्दात पाहिजे तितका अपमान बसवते. मी तिला म्हटलं, यावेळी काम सरकवणार नाही, स्वतः करणार. ती म्हणाली, "काका, तुम्ही मोजे तरी एका रंगाचे घालून या, मग बघू."

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचो. फोन बरणीला टेकवायचा, समोर एक टोमॅटो ठेवायचा आणि तो हाताने इकडून तिकडे सरकवत राहायचं. पडद्यावर रेघ टोमॅटोच्या मागे यायला हवी. ती कुठेही जायची. एक दिवस किटलीच्या झाकणावर जाऊन बसली आणि उठेचना. एकदा घरात हिने मध्ये हात घातला, तर रेघ टोमॅटो सोडून हिच्या नखांमागे धावली. "तुमच्या यंत्राला माझं नेलपॉलिश आवडलं, तुम्हाला कधी दिसलंही नाही," असं म्हणून ती चहाचा कप आपटून गेली. पुढे तिने तो टोमॅटो चिरूनही टाकला. मी दुसरा घेतला.

मग उजेडाचं लफडं कळलं. ऊन खिडकीतून सरकलं की त्याच टोमॅटोचे आकडे बदलतात, सावलीत तर तो ओळखूच येत नाही. त्यावर उपाय असा की रंग आणि उजेड यांचे आकडे वेगळे करायचे. उजेड वाढो की कमी होवो, रंगाचा आकडा फारसा हलत नाही. सगळे रंग एका वर्तुळावर मांडलेले असतात, तुमच्या दुकानात रंगांच्या पट्ट्या टांगलेल्या चक्रासारखे. त्यात लाल हा महाखट. तो वर्तुळाच्या बरोबर जोडावर बसलाय, थोडा सुरुवातीला आणि थोडा शेवटाला. मी नुसती सुरुवात धरली, तर अर्धा टोमॅटो गायब. दोन्ही टोकं धरली तेव्हा कुठे सबंध झाला. ते जमलं त्या सकाळी मी टोमॅटो टेबलभर फिरवला आणि रेघ कुत्र्याच्या पिल्लासारखी मागे मागे आली. मला मनापासून आनंद झाला. खाचा मोजायचं यंत्रच होतं की ते. तू ब्लेडने केलंस तेच मी आकड्यांनी केलं.

मग तुझे व्हिडिओ घेतले. प्रोग्रॅमला आधी नमुना द्यावा लागतो. चित्रातल्या चेंडूवर ठिकठिकाणी बोट टेकवून सांगायचं, हा बघ तुझा रंग, असाच शोध. मी बोटं टेकवली. उजेडातल्या भागावर टेकवली, सावलीतल्या भागावरही टेकवली. आकडे जरा विचित्र आले, लालच्या वस्तीपासून बरेच लांब पसरले होते. पण म्हटलं, तुमच्या त्या व्यायामाच्या खोलीत उजेड कमी, फोन जुना, चालायचंच. आणि रेघा काढल्या.

ताई, रेघा बघून मी खुर्चीतून उठलो. सुरुवातीच्या व्हिडिओत रेघ टेबलाच्या मध्यापर्यंत, पुढे पुढे सरकत शेवटच्या काही व्हिडिओंत पार पलीकडच्या कडेपर्यंत. म्हणजे तुझा हात टेबल ओलांडायला निघाला होता आणि आपण सगळे आंधळे होतो. मी ते सगळं ऑफिसला घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातलं रंगाचं पहिलं काम, ते मी डिझायनरच्या टेबलावर मांडलं आणि छाती काढून उभा राहिलो. तुला फोन करायला हातात फोनही घेतला होता.

तिने व्हिडिओ बघितला, थांबवला आणि मान तिरकी करून म्हणाली, "काका, रेघ चेंडूवर नाहीये. ती या समोर बसलेल्या काकांच्या बाहीवर आहे."

मी म्हटलं, त्यांचा स्वेटर मरून आहे, लालचाच भाऊ, म्हणून थोडंफार इकडे तिकडे झालं असेल. ती म्हणाली, "मरून? हा हिरवा आहे. शेवाळी म्हणतात याला. चांगला गडद शेवाळी." मी म्हटलं, शक्यच नाही, तो स्वेटर मीच त्यांना घेऊन दिलाय आणि मी मरूनच घेतला होता. त्यावर तिने जे तोंड केलं ते तू कल्पनेने बघ. मग ती चक्क हळू आवाजात बोलली, जे ती कधी बोलत नाही. "काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. तू तेव्हा स्वेटर हातात घेऊन म्हणाली होतीस, "छान आहे रंग, यांना शोभेल." भावजींनी लगेच अंगात घातला आणि त्यानंतर ते तो काढतच नाहीत. इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्यासमोर त्या स्वेटरला मरून म्हणत आलात. मला तुमचा राग आला नाही. पण त्या क्षणी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली, की तू मला स्वेटरबद्दल जसं गोड सांगितलंस, तसं मी तुला चेंडूबद्दल सांगायचं नाही. जे असेल ते कडक सांगायचं.

मग मी तेच व्हिडिओ परत बघितले, यावेळी चेंडू सोडून बाही. भावजी तुझ्यासमोर बसलेत. तू चेंडू पुढे आणतेस आणि ते टेबलावर आपला हात ठेवतात, "इथवर ये, इथवर" असं म्हणत. दर व्हिडिओत तो हात थोडा थोडा मागे नेऊन ठेवलेला. तुझा हात जिथवर यावा असं त्यांना वाटत होतं, तिथे ते आपला हात ठेवत होते. चेंडूची सावलीतली बाजू समजून मी नमुन्याची बोटं त्यांच्या बाहीवरही टेकवली होती, आणि इतका वेळ तेच मोजलं होतं. ती सुरेख रेघ मी पुसून टाकली. पुसताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी हिला म्हटलं, जाऊ दे, ज्याला दिसतं त्याने करावं. ती भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, "ताईही तेच म्हणताहेत ना? मग तुम्ही दोघं मिळूनच सोडा की." ती एवढंच बोलली आणि पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी डिझायनर म्हणाली, द्या इकडे, मी नमुने टेकवून देते, चुटकीसरशी होईल. मी नको म्हटलं. हट्ट म्हण हवं तर. तुझ्या हाताचं माप घ्यायला मला परक्याचे डोळे नको होते. माझे तर चालणार नव्हते. मग तुझेच वापरायचे ठरवले. माझ्या खणात ती रंगपेटी अजून आहे, तुला माहीत नसेल. पेन्सिली झिजून बोटाएवढ्या उरल्यात, पण मी नेहमी दुसऱ्या टोकाने तासल्या, त्यामुळे खाचा शाबूत आहेत. डोळे मिटून अंगठ्याने चाचपली आणि एका खाचेची बाहेर काढली. तिचं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं, उन्हात धरलं, सावलीत धरलं, आणि संगणकाला सांगितलं, याला लाल म्हणायचं. आमच्या ताईने सांगितलंय. मग दोन खाचांची धरली आणि सांगितलं, हा रंग दिसला की बाजूला व्हायचं, ती भावजींची बाही आहे. डिझायनरने येऊन बघितलं, सगळ्या व्हिडिओंत रेघ चेंडूवरून हलली नाही. "पास," म्हणाली. वर असंही म्हणाली, की या ताईंना भेटायचंय. तेव्हा तयारीत राहा.

एवढ्यावर माझा विश्वास बसेना, एकदा तोंडघशी पडलो होतो. फोन हलला असेल तर? म्हणून टेबलाच्या कोपऱ्याचीही तशीच रेघ काढली. कोपरा जागचा हलायला नको, आणि जिथे तो हलला ते व्हिडिओ सरळ टाकून दिले, त्यातले दोन चांगले वाटत होते तरीही. फोन कधी जवळ ठेवलेला, कधी लांब, म्हणून सगळी मापं टेबलाच्या रुंदीशी ताडून घेतली. आता जे उरलं त्यात माझी माया नाही, भावजींची आशा नाही. नुसता चेंडू आहे.

तर ऐक. तुझंच खरं होतं. चेंडू पुढे जात नाहीये. सुरुवातीला थोडा थोडा सरकला, नंतर टेबलाच्या मध्याच्या जरा अलीकडे जो थांबला तो थांबलाच. तू म्हणालीस तेच निघालं, मी हरलो. हे तुला सांगायला नको वाटत होतं, पण स्वेटरची आठवण ठेवून सांगतोय.

आता पाकिटातले दोन कागद काढ. त्यावर एकेक रेघ आहे. पहिला कागद पहिल्या आठवड्यातला. बघ कशी आहे, शाईत पाय बुडवून माशी चालत गेल्यासारखी. वर, खाली, मागे, मध्येच एक गोल गिरकी. तुझा हात चेंडूला पुढे नेताना वाटेत इतका भरकटत होता. दुसरा कागद तू सोडून आलीस त्या दिवसाचा. रेघ पहिल्यापेक्षा जेमतेम बोटभर लांब असेल, पण ती कशी आहे ते बघ. सरळ. अगदी पट्टीने ओढल्यासारखी नाही, पण मुंगी आपल्या कामाला जाते तशी. मधल्या सगळ्या रेघा मी एकाखाली एक लावून बघितल्या. चेंडूने पुढे जाणं सोडलं, त्यानंतरही रेघेची थरथर कमी होत राहिली आहे. एकही आठवडा असा नाही की तुझा हात काही शिकला नाही. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण डोळे चेंडू कुठे पोचला तेवढंच बघतात, वाटेत तो कसा गेला ते कोण बघतं?

मी हेडबाईंना फोन करून विचारलं. त्या तुझ्याच जातीच्या आहेत, आधी मला झापलं की एवढे दिवस कुठे होता, मग म्हणाल्या, हाताची पोच खांद्यातून येते, तिला वेळ लागणार आणि कदाचित ती पूर्ण येणारही नाही. स्थिरपणा मनगटातून आणि बोटांतून येतो, तो येतोय. हे त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं सांगतोय, साखर घातलेली नाही.

आता तूच सांग, दुकानात तुला काय लागतं? लांबचा डबा मालक ओढून देतील, शेजारचा नोकर देईल, गिऱ्हाईकसुद्धा देईल. पण काठीच्या टोकावरून एकच थेंब पाडायचा आणि दुसरा आवरायचा, ते दुसरं कुणी तुझ्यासाठी करू शकत नाही. तुझ्या हाताने नेमकं तेच आधी शिकायला घेतलंय. त्याला आपलं काम तुझ्यापेक्षा जास्त आठवतंय असं दिसतं. आणि तू त्याला मध्येच शाळेतून काढून घरी बसवलंस.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. रेघांचं मी तुला प्रत्यक्ष येऊनही दाखवलं असतं, येत्या रविवारी येतोच आहे. पण एक गोष्ट मी येण्याआधी तुला कळायला हवी, आणि ती तुला सांगायचं धाडस भावजींना होत नाही, माझ्याकडे मात्र त्यांनी कबूल केली. तू त्यांच्याकडे कपाटाची चावी दिलीस ना, ती त्यांनी मालकांना दिलेलीच नाही. ते दुकानापर्यंत गेले, समोरच्या फुटपाथवर उभे राहिले. आत तुझ्या स्टुलावर फडकं टाकून ठेवलेलं त्यांना दिसलं, मालक स्वतः रंग कालवताना दिसले आणि एक गिऱ्हाईक त्यांच्यावर ओरडताना दिसलं. भावजी तसेच परत फिरले आणि घरी येऊन तुला म्हणाले, दिली. निरोपही पोचवलेला नाही. मालकांच्या लेखी तू आजारपणाच्या रजेवर आहेस, आणि ते तुझी वाट बघताहेत. तू हे वाचत असताना भावजी बहुधा समोरच बसले असतील, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, आणि पान उलटायचं विसरले असतील. त्यांना बोलू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर दूध उतू गेलं असतं, म्हणून लिहून कळवतोय. चावी तेव्हापासून त्यांच्या स्वेटरच्या खिशात आहे, हिरव्या स्वेटरच्या. ऊठ आणि ती स्वतः काढून घे, उजव्या हाताने. खिसा खोल आहे आणि लोकर बोटांना अडकेल, वेळ लागेल, पण त्यांना मदत करू देऊ नकोस, त्यांनी हात पुढे केला तर एक फटका मार. चावी हातात आल्यावर ती मालकांना नेऊन द्यायची की व्यायामाच्या पिशवीत टाकायची, ते तुझं तू ठरव. मी हेडबाईंना सोमवार सांगून ठेवलाय. आणि रविवारी येताना नवा चेंडू आणतोय, मी एकट्याने दुकानात जाऊन निवडलेला. लालच असावा. बघून सांग, आणि यावेळी खरं सांग.

तुझाच,
मातकट